श्वास ओळखणारे दार

नलिनीबाई बिराजदार अक्कलकोटहून पुतणीचे लग्न उरकून सोलापूरला परतल्या, तेव्हा त्यांच्या बंद घरात कुकरची शिट्टी झाली.

त्या फाटकातच थांबल्या. घरात त्या एकट्याच राहत. पायरीवर कुणा पुरुषाच्या चपला होत्या, शेजारी शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. चोर असा चपला जोडून ठेवत नाही, असे मनाशी म्हणत त्या दारापाशी गेल्या आणि नेहमीप्रमाणे त्यांनी एक लांब श्वास सोडला. कुलपावर हिरवा दिवा लागला. दार उघडले.

स्वयंपाकघरात पंचेचाळिशीचा एक माणूस बनियनवर, खांद्याला टॉवेल टाकून लसूण सोलत बसला होता.

"आलाव का अक्का!" तो उठून उभा राहिला. "बसा, पाणी देतो. वरण झालंच बघा."

"कोण रे तू?"

"मी मल्लिनाथ. होटगी रोडचा."

"होटगी रोडवर लाख माणसं राहतात! माझ्या घरात कसा शिरलास?"

"दारातनं."

नलिनीबाईंनी खलातला बत्ता उचलला. मल्लिनाथ दोन पावले मागे सरकला.

"अक्का, थांबा की ओ! मी गिऱ्हाईक हाय तुमचं! लाल झाकणाचा डबा!"

बत्ता खाली आला. नलिनीबाई चाळीस जणांना जेवणाचे डबे पुरवत. माणसे त्यांना माहीत नव्हती, कारण डबे पोचवायला गाडी येई. पण डबे मात्र त्या ओळखत.

"लाल झाकण? वांग्याची भाजी परत पाठवणारा?"

"पित्त होतंय ओ वांग्यानं."

"माझं वांगं आजवर कुणाला बाधलं नाही," त्या म्हणाल्या, आणि घरात शिरलेल्या अनोळखी माणसाशी आपण वांग्यावरून भांडतो आहोत हे त्यांच्या लक्षात आले. "दार उघडलं कसं, ते सांग."

मल्लिनाथने सांगितले ते असे. तो बॅटऱ्या बदलून देण्याच्या डेपोत काम करी आणि खोली घेऊन एकटाच राही. फोन बिघडल्याने डबे बंद असल्याचा निरोप त्याला मिळाला नव्हता. डबा का आला नाही हे विचारायला तो परवा आला, दारासमोर दम टाकला आणि दार आपोआप उघडून कुलपातून आवाज आला, 'या.'

"मला वाटलं, अक्कांनी गिऱ्हाइकांची सोय केली. बाहेर दुधाच्या पिशव्या पडलेल्या. नासतील म्हणून तापवलं. मग म्हटलं, तापवलंच आहे तर दही लावू. दही लागेपर्यंत दिवाणावर जरा पडलो."

"आणि दोन दिवस पडूनच राहिलास?"

"दूध रोज येत होतं की!"

नलिनीबाईंनी दह्याच्या भांड्यावरची ताटली उचलली. दही घट्ट लागले होते, सुरीने कापावे असे. त्यांनी बोटावर घेऊन चाखले. "विरजण कुठलं घातलंस?"

"तुमचंच. शनिवारी डब्यात जादा वाटी देता की, रविवारी ज्याचं त्यानं लावून घ्यायला. माझ्या खोलीवर कायम असतं."

त्यांनी त्याला पोटभर जेवू घातले, पुन्हा न विचारता घरात पाऊल टाकलेस तर तंगडे मोडीन असे बजावले, आणि पाठवून दिले. मग दारासमोर खुर्ची टाकून बसल्या आणि त्या कुलपाकडे बघत राहिल्या.

हे कुलूप काय होते ते आता नीट समजून घेऊ.

त्या काळात माणसाचा चेहरा, आवाज आणि बोटांचे ठसे, तिन्हींची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रे स्वस्त झाली होती. किल्लीचे कुलूप तर शाळकरी पोरेही हातातल्या यंत्राने उघडत. तेव्हा शास्त्रज्ञांनी अशी खूण शोधली, जिची नक्कल करणे फार अवघड होते. ती म्हणजे श्वास.

तुम्ही दुसऱ्याच्या घरी गेलात की त्या घराचा म्हणून एक वास येतो. त्या घरच्यांना तो येत नाही, आणि आपल्या घराचा आपल्याला येत नाही. हा वास नुसता मसाल्यांचा किंवा साबणाचा नसतो. आपल्या तोंडात आणि पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. आपण खातो त्यातले काही ते खातात आणि निरनिराळे वायू सोडतात. हे वायू अगदी थोडे असतात, पण आपल्या श्वासातून बाहेर पडतात. एका स्वयंपाकघरातले अन्न जेवणारी आणि एका माठातले पाणी पिणारी माणसे हे जीव नकळत वाटून घेतात, म्हणून त्यांच्या श्वासातल्या वायूंचे मिश्रण एकमेकांशी जुळते.

नव्या कुलपात एक नाक होते. ते घरातली हवा सतत हुंगत राही आणि दारातल्या माणसाचा श्वास तिच्याशी ताडून बघे. जुळला तर दार उघडे. या कुलपात कुणाचे नाव नव्हते, फोटो नव्हता, आणि बाहेरून कुठूनही ते उघडता येत नव्हते. जाहिरातीत हेच तर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे.

एक गोष्ट मात्र बनवणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. सोलापुरातली एक बाई आपल्या घरचे विरजण चाळीस घरी वाटत असेल, हे त्यांना कुठून सुचावे?

कुलपाच्या कंपनीची इंजिनिअर स्वरूपा ढेपे दुसऱ्याच दिवशी आली. दही, भाकरी, चटणी आणि मल्लिनाथचा श्वास, सगळे तिने यंत्रात घालून पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काकू, कुलूप बरोबर आहे. चूक असलीच तर तुमच्या दह्याची. फार दमदार जीव आहेत यात. रोज खाणाऱ्याच्या पोटात मुक्काम ठोकतात. या माणसाचा श्वास तुमच्या घरचाच आहे."

"आणि बाकीचे एकोणचाळीस?"

"त्यांचाही असणार. त्यांनी आजवर दारात येऊन पाहिलं नाही, एवढंच."

"मग यांना कुलपातून काढून टाक."

"काढायला आत नावंच नाहीत ना. घराचा वासच बदलावा लागेल. हे विरजण टाकायचं, सगळं घर औषधानं धुऊन घ्यायचं आणि कारखान्याचं दही आणायचं."

"मग तेही माझ्या डब्यातून जाणार. महिन्यानं तीच गत."

स्वरूपाने त्यांच्याकडे बघून मान हलवली. "हो. म्हणजे डबे बंद करावे लागतील. नाहीतर हे दार चाळीस जणांना उघडंच राहणार."

ही बातमी बंगळूरला चन्नवीरला, म्हणजे नलिनीबाईंच्या मुलाला कळली. कंपनीने ती कळवली, कारण कुलपाचे पैसे त्यानेच भरले होते. त्याने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि तो निघाला.

निघण्याचे कारण पक्के होते. मागच्या वर्षी नलिनीबाईंना घेरी आली, तेव्हा चन्नवीरने त्यांच्याकडून शब्द घेतला होता: घरात काही भलतेसलते घडले, की त्या डबे बंद करून बंगळूरला येतील. त्यांनी तो हसत दिला होता, कारण त्यांच्या घरी भलतेसलते काही घडत नसे. आता शब्द अंगाशी आला होता. बंगळूरच्या फ्लॅटमध्ये काय असते ते त्यांना माहीत होते. मुलगा, सून दिवसभर बाहेर, नात शाळेत, आणि स्वयंपाक यंत्र करते. तिथे त्या गेल्या असत्या तर खुर्चीत बसून राहिल्या असत्या.

चन्नवीर दारात आला, बॅग खाली ठेवली आणि श्वास सोडला. लाल दिवा. त्याने पुन्हा सोडला. लाल. तिसऱ्यांदा त्याने गाल फुगवून फुंकर मारली, तेवढ्यात दार आतून उघडले आणि खांद्यावर टॉवेल टाकलेल्या माणसाने विचारले, "कुणाकडं आलाव?"

"हे घर माझं आहे!"

"अस्सं? मग दार का उघडंना?"

नलिनीबाई आतून ओरडल्या, "मल्ल्या, माझा लेक आहे तो! आत घे त्याला!" स्वरूपाच्या तपासणीसाठी मल्लिनाथला त्यांनीच बोलावले होते, आणि तपासणी संपली तरी तो काही ना काही निमित्त काढून येतच होता.

चन्नवीर आत आला, पण बसला नाही. "आई, हा इथं काय करतोय?"

"शेंगा भाजतोय. चटणीला."

"तू हसण्यावारी नेऊ नकोस. चाळीस परकी माणसं कधीही या घरात येऊ शकतात. तू मला शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडणार नाही." त्या शांतपणे त्याच्यासमोर बसल्या. "पण मला सांग, घर कुणाचं ते तू ठरवणार की कुलूप?"

"कुलपाचा प्रश्नच नाही."

"आहे की. तुला ते ओळखत नाही म्हणून तुला जास्त लागलंय." चन्नवीरने दाराकडे पाहिले. "हे बघ. ढेपेबाई म्हणाली, हे जीव पाहुण्यांसारखे असतात. रोज जेवायला घातलं तर राहतात, नाहीतर चार-आठ दिवसांत निघून जातात. तुझ्यातले गेले. आता तू पंधरा दिवस माझ्या हातचं जेव. दार तुला उघडलं, तर मी इथंच राहणार आणि डबेही चालू राहणार. नाही उघडलं, तर तुझ्याबरोबर बंगळूरला. लाव पैज."

"लावली," तो म्हणाला. तो इतक्या पटकन हो म्हणाला याचे नलिनीबाईंना जरासे नवल वाटले.

दिवस जेवणात गेले. नलिनीबाईंनी सगळे काही काढले: येसर आमटी, धपाटे, कडक भाकरी, हुग्गी. प्रत्येक ताटात दह्याची वाटी. चन्नवीर मुकाट जेवे. मल्लिनाथ डबा परत द्यायच्या निमित्ताने येई आणि रोज विचारी, "काय साहेब, हिरवा का लाल?"

लालच लागत होता. आठवडा झाला, दहा दिवस झाले. स्वरूपाने फोनवर सांगितले की एव्हाना निदान पिवळा तरी लागायला हवा होता. नलिनीबाईंनी दह्याची वाटी मोठी केली. मनातून मात्र त्या हलल्या होत्या. कपाटातली ट्रंक त्यांनी एकदा काढून पाहिली आणि पुन्हा आत ढकलली.

बाराव्या दिवशी दुपारी चन्नवीर मंडईतून भाजी घेऊन आला. दारापाशी येतो तो आतून धप्पकन आवाज आला, आणि मग आईची हाक, "चन्नू!"

"आई? काय झालं?"

"मोरीत पडले. हात... उठता येईना मला."

त्याने पिशव्या टाकल्या आणि दारावर श्वास सोडला. लाल. खिडक्यांना गज होते. दार पोलादी होते, त्यानेच निवडलेले. त्याने कंपनीला फोन लावला. स्वरूपा म्हणाली, "मी निघालेच, पण येईपर्यंत वेळ लागेल. बाहेरून ते कुणालाच उघडता येत नाही, साहेब, मलाही इथून नाही." तो दारावर धडका देत राहिला. आतल्या हाका आता क्षीण होत होत्या.

फाटक वाजले. मल्लिनाथ लाल झाकणाचा डबा हलवत येत होता. "काय साहेब, हिरवा का..."

चन्नवीरने त्याला दंडाला धरून ओढत दारासमोर उभे केले. "श्वास सोड! लवकर! आई पडलीय आत!"

मल्लिनाथने डबा टाकला आणि दारावर तोंड टेकवून जोरात श्वास सोडला.

हिरवा दिवा लागला. आतून आवाज आला, 'या.'

दोघांनी मिळून त्यांना उचलले. मनगट मोडले होते आणि डोक्याला खोक पडली होती. मोरीतला नळ चालूच होता, आणि पालथ्या पडलेल्या बादलीने पाणी जायची जागा बुजली होती. पाणी त्यांच्या हनुवटीपर्यंत आले होते. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावले.

संध्याकाळी हाताला प्लास्टर घालून नलिनीबाई दिवाणावर टेकून बसल्या. मल्लिनाथ स्वयंपाकघरात भात लावत होता. चन्नवीर समोर बसला होता, पण वर बघत नव्हता.

"चन्नू, तुझ्यासाठी दार का उघडलं नाही रे? बारा दिवस जेवतोयस."

त्याने खिशातून चांदीच्या रंगाची एक पुडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हे काय?"

"आमच्या ऑफिसचं पेय आहे. रोज सकाळी घ्यावं लागतं. ऑफिसच्या दारालाही असंच कुलूप आहे. तिथं सगळ्यांच्या घरचं जेवण वेगळं, म्हणून कंपनी सगळ्यांना एकच जीव देते. पंधरा दिवस घेतलं नाही, तर रजेवरून गेल्यावर मला आत शिरता येणार नाही. आणि तुझं दही त्यावर मात करतं. म्हणून मी..."

"म्हणून दही कुठं गेलं?"

"भाताखाली."

 नलिनीबाई दुखऱ्या हातासकट हसायला लागल्या. "म्हणजे तुझ्या हापिसानं तुला डबाच लावलाय की रे! आणि रोज खरकट्यात दही दिसायचं, ते मी मल्ल्याच्या पित्ताच्या नावावर टाकत होते!"

"अक्का, बघा!" आतून आवाज आला. "मी म्हणत होतो का नाही?"

चन्नवीर हसला नाही. "मला माहीत होतं की दार उघडणार नाही. म्हणूनच पैज लावली. तुला घेऊन जायचं होतं." त्याने पुडी बाजूला सरकवली. "मी दही खाल्लं असतं, तर मीच आत आलो असतो. आणि तुझं मी ऐकलं नसतं, डबे आधीच बंद केले असते, तर कुणीच आत आलं नसतं."

नलिनीबाईंनी चांगला हात पुढे करून ती पुडी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि त्याच्या हातात परत दिली. "हे घेत जा. पोट आहे तुझं त्याच्यावर, लेकराबाळांचं आहे. त्यात लाजण्यासारखं काय आहे? फक्त खोटं खेळू नकोस माझ्याशी. आता तूच सांग, माझ्या शब्दाचं काय करायचं?"

"तुझा शब्द मी परत केला."

"मग उद्याचे डबे," त्या म्हणाल्या, "कोण करणार?"

हा प्रश्न मोठा होता. एका हाताने भाकरी थापता येत नाही. चन्नवीरने चाळीस जणांना निरोप पाठवला: अक्कांचा हात मोडला आहे, डबे निघणार नाहीत, ज्यांना जमेल त्यांनी घरी येऊन जेवावे, दार उघडेल. नर्सिंगला शिकणाऱ्या दोघी आल्या, एक म्हातारे टंकलेखक आले, कोर्टातला एक शिपाई आला. प्रत्येक जण दारात थबके, जरा बिचकत श्वास सोडे, आणि दार उघडले की स्वतःशीच हसत आत येई. नलिनीबाई स्टुलावर बसून हुकूम सोडत. "पीठ असं मळतात होय? तुझ्या आईनं बघितलं तर रडेल. सरक, पाणी जास्त झालं. चन्नू, तवा तापला का बघ. मल्ल्या, आज वांगं आहे, आणि तू खाणार आहेस."

स्वरूपा पहिल्या भेटीत ठेवून गेलेले घर धुवायचे औषध परत न्यायला आली, ती जेवूनच गेली. जाताना ती म्हणाली, "काकू, नियमाप्रमाणे मला लिहावं लागेल की हे घर असुरक्षित आहे."

"लिही की. आणि खाली हेही लिही, की या बाईला मोरीतून असुरक्षित घरानंच बाहेर काढलं." नलिनीबाईंनी गळ्यातली बोरमाळ आणि पाटल्या आदल्या दिवशीच बँकेत ठेवल्या होत्या. घरात आता चोरण्यासारखे होते ते भांडी आणि विरजण. भांडी जड होती, आणि विरजण मागितले तरी मिळत होते.

रजेच्या शेवटच्या दिवशी चन्नवीर बाजारातून एक साधी पितळी घंटा घेऊन आला. अशा कुलपांच्या घरांना घंटा नसते. घरचा माणूस श्वासाने आत येतो आणि बाहेरचा फोन करतो. त्याने चौकटीला भोक पाडले, दोरी ओवली, दोनदा वाजवून पाहिली आणि तो गाडीला गेला.

प्लास्टर निघाले. डबे पुन्हा सुरू झाले, पण अर्धी माणसे आता डबा घेईनात. त्यांना पंगतच बरी वाटू लागली होती. दुपारी बिराजदारांच्या घराचे दार दम धरत नाही. एक आत, एक बाहेर, आणि त्या नाकाला क्षणाचीही उसंत नाही. घरात शिरायला कुणालाच काही करावे लागत नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी पंगत भरात आली होती. नलिनीबाई आमटी वाढत होत्या. एवढ्यात घंटा वाजली.

सगळे हात थांबले. त्या घरात घंटा वाजवावी लागेल असा घरचा एकच माणूस होता, आणि हे पंगतीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. मल्लिनाथ ताटावरून उठू लागला. "बसा अक्का, मी उघडतो."

"तू जेव," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी पळी आमटीत सोडली, पदराला हात पुसले आणि स्वतः दाराकडे निघाल्या.